पारख आणि पारखी
(डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती समारंभातील भाषणाचा मजकूर)



जयंतीच्या व्यासपीठावरून फुटबॉलवर बोलावे हे काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यावर तशी पृच्छाही झाली. परंतु एप्रिलच्या या महिन्यात आपल्या घरांत दोन चर्चा एकाच वेळी चालू असतात. वडीलधारी मंडळी १४ एप्रिलच्या तयारीत असतात, आणि येथेच जन्मलेली आपली मुले महिनाअखेर होणाऱ्या 'ड्राफ्ट'मध्ये कोणता संघ कोणत्या खेळाडूस उचलणार यावर वाद घालीत असतात. या दोन चर्चांचा एकमेकींशी संबंध नाही असे दोन्ही पिढ्या समजतात. तो संबंध आहे, आणि चांगलाच निकटचा आहे, असे आम्हांस वाटते. निवड कोण करतो, कोणत्या मापाने करतो आणि ते माप घडविले कोणी, हा प्रश्न आपल्या चळवळीच्या मुळाशी आहे. आणि या देशात तो प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर जितका उघडपणे दिसतो तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपण नागपूर-मुंबईच्या मैदानांवर पाहिलेला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा, दूर फेकण्याचा आणि समोरच्यास अंगाने अडविण्याचा हा खेळ आहे. 'नॅशनल फुटबॉल लीग' या व्यावसायिक संघटनेत ३२ संघ आहेत, आणि त्यांना खेळाडू पुरविण्याचे काम महाविद्यालये करतात. हायस्कूल संपून निदान तीन वर्षे लोटल्याखेरीज खेळाडूस तेथे प्रवेश नाही. आणि प्रवेश मिळाला तरी आपण कोणत्या संघात जावे हे त्याने ठरवायचे नसते. प्रतिवर्षी एप्रिलअखेर सर्व संघ सात फेऱ्यांमध्ये, ठरलेल्या क्रमाने, एकेका खेळाडूवर आपला हक्क सांगतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात.

आता हा क्रम कसा ठरतो ते पाहण्यासारखे आहे. गेल्या हंगामात जो संघ सर्वांत खाली राहिला त्याला पहिली निवड. जो अजिंक्य ठरला त्याला शेवटची. म्हणजे जो मागे पडला त्याला आधी वाढायचे, आणि जो पुढे आहे त्याने थांबायचे! या देशातील अतिश्रीमंत उद्योगपती संघांचे मालक आहेत. खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणारे हे लोक. परंतु आपल्या स्वतःच्या धंद्यात त्यांनी हे तत्त्व १९३६ पासून निमूटपणे पाळले आहे. यामुळे गुणवत्ता बुडाली अशी ओरड कोणी करीत नाही. उलट, दुबळ्यास बळ दिले नाही तर सामन्यांत रंगत उरणार नाही, प्रेक्षक येणार नाहीत आणि सर्वांचेच नुकसान होईल, हे त्यांना पुरते ठाऊक आहे.

अर्थात ही योजना कोणा संताच्या अंतःकरणातून निघाली नव्हती. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनी ती १९३५ मध्ये मांडली, आणि त्या वर्षी त्यांचाच संघ तळाशी होता. शिवाय एका खेळाडूसाठी दोन संघांनी पैशाची चढाओढ करण्याचे यामुळे बंद झाले, म्हणजे खेळाडूची मजुरी आपोआप खाली राहिली. कामगाराच्या दृष्टीने पाहिले तर ड्राफ्टची ही बाजू आजही खटकणारी आहे.

८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. संघ नऊ, फेऱ्या नऊ, आणि फळ्यावर खडूने लिहिलेली ९० नावे. ही नावे आली कोठून? त्या काळी स्काउट, म्हणजे गावोगाव हिंडून खेळाडू पारखणारा पगारी माणूस, कोणत्याही संघाकडे नव्हता. वर्तमानपत्रांतील बातम्या, मासिकांनी जाहीर केलेले 'अखिल अमेरिकन' संघ आणि ओळखीच्या प्रशिक्षकांनी सुचविलेली नावे, एवढेच ज्ञानाचे साधन होते. सर्वप्रथम निवडला गेलेला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

आणि ज्या वर्तमानपत्रांतून ही नावे आली ती गोऱ्यांची वर्तमानपत्रे होती. १९३४ पासून १९४५ पर्यंत या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठेही नव्हता, हे विशेष. अस्पृश्यांना मंदिरप्रवेश नाही असा फलक तरी आपल्याकडे कित्येक ठिकाणी लागलेला असे. येथे तोही नव्हता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील केनी वॉशिंग्टन हा १९३९ च्या हंगामातील देशातला आघाडीचा खेळाडू होता. पुढच्या ड्राफ्टमध्ये सर्व संघांनी सर्व फेऱ्या पार पाडल्या. त्याचे नाव कोणी घेतले नाही. त्याला सात वर्षे वाट पाहावी लागली.

ती सात वर्षे कशी संपली? १९४६ मध्ये क्लीव्हलँडचा रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला आणि सार्वजनिक पैशाने उभारलेले 'कोलिझियम' मैदान मागू लागला. तेव्हा कृष्णवर्णीयांच्या 'लॉस एंजेलिस ट्रिब्यून' या पत्राचे क्रीडालेखक हॅली हार्डिंग यांनी मैदानाच्या व्यवस्थापक मंडळासमोर उभे राहून प्रश्न केला की, करदात्यांच्या मैदानावर काळ्या करदात्यांच्या मुलांना बंदी कशी? संघाने केनी वॉशिंग्टनला करारबद्ध केले, आणि पाठोपाठ वुडी स्ट्रोडला. पाणी सार्वजनिक, तळे सार्वजनिक, मग मज्जाव का, हा महाडचा युक्तिवाद आपणांस नवा नाही. याच युक्तिवादापुढे वॉशिंग्टन शहरच्या संघालाही अखेर नमावे लागले. त्या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी १९६१ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळविला नव्हता. संघीय सरकारच्या जमिनीवरील नवे मैदान मिळणार नाही असे येथील 'इंटिरिअर' खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडॉल यांच्याकडून बजावण्यात आले, तेव्हा १९६२ च्या हंगामात ती भिंत पडली.

दार उघडले, तरी पारखणाऱ्याची दृष्टी उघडायला आणखी काळ लागला. या देशात यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली शंभराहून अधिक महाविद्यालये, विशेषतः दक्षिणेत, होती व त्यांतील अनेक आजही आहेत. गोऱ्या विद्यापीठांनी ज्यांना नाकारले ती मुले तेथे शिकत आणि खेळत. रॅम्सचे मालक डॅन रीव्ह्ज यांनी एडी कोटल यांना पूर्णवेळ स्काउट म्हणून नेमले होते, आणि कोटल लुइझियानातील ग्रॅम्बलिंगसारख्या आडबाजूच्या महाविद्यालयातही जाऊन पोहोचले. तेथील पॉल 'टँक' यंगर १९४९ मध्ये रॅम्सकडे आला. अशा महाविद्यालयातून या लीगमध्ये आलेला तो पहिला खेळाडू. त्याचे नाव ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेले नव्हते.

परंतु आम्हांस आज विशेषेकरून ज्यांच्याविषयी सांगावयाचे आहे ते गृहस्थ म्हणजे बिल नन. 'पिट्सबर्ग कुरिअर' हे कृष्णवर्णीयांचे नामांकित साप्ताहिक. नन त्याचे क्रीडासंपादक. प्रतिवर्षी ते कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील उत्तम खेळाडूंचा एक संघ निवडून आपल्या पत्रात प्रसिद्ध करीत. त्यासाठी दक्षिणेत प्रवास करीत, सामने पाहत, प्रशिक्षकांच्या घरी जेवत. ज्या गावांत काळ्या माणसाला हॉटेलात खोली मिळत नसे त्या गावांतून ही माहिती गोळा होत होती. ती माहिती छापील स्वरूपात, पिट्सबर्ग शहरातच, काही पैशांना विकत मिळत होती. आणि त्याच शहरातील स्टीलर्स हा व्यावसायिक संघ वर्षानुवर्षे पराभूत होत होता व तिच्याकडे ढुंकूनही पाहत नव्हता. नन यांना या गोष्टीचा इतका संताप होता की ते त्या संघाच्या सामन्यांना जाईनासे झाले.

संघाचे मालक रूनी कुटुंबीय. त्यांतील डॅन रूनी यांच्या कानी ही नाराजी गेली, आणि त्यांनी नन यांना बोलावून कारण विचारले. नन यांनी ते स्पष्ट शब्दांत सांगितले. मग आमच्यासाठीच हे काम करा, असे रूनी म्हणाले. १९६७ पासून नन वृत्तपत्र सांभाळून आणि पुढे पूर्णवेळ स्टीलर्सचे स्काउट झाले. १९६९ मध्ये दहाव्या फेरीत आलेला एल. सी. ग्रीनवूड, १९७० मध्ये तिसऱ्या फेरीत आलेला मेल ब्लाउंट हे दोघेही कृष्णवर्णीय महाविद्यालयांतले.

१९७४ ची गोष्ट तर या क्षेत्रात दंतकथेसारखी सांगितली जाते. अलाबामा ए अँड एम या महाविद्यालयात जॉन स्टॉलवर्थ नावाचा खेळाडू होता. अनेक संघांचे स्काउट त्याला पाहण्यास एकत्र गेले. जमीन ओली होती. घड्याळ लावून पळविले तेव्हा त्याचा वेग सामान्य भरला, आणि मंडळी पुढच्या गावी निघाली. नन यांनी प्रकृती बरी नसल्याचे निमित्त काढून मागे राहणे पसंत केले. दुसऱ्या दिवशी चांगल्या जमिनीवर त्यांनी त्या मुलाला पुन्हा पळविले, आणि जो आकडा मिळाला त्याचा कोणास ताकास तूर लागू दिला नाही. खेळाडूची चित्रफीतही स्टीलर्सकडे आली ती पुढे इतर संघांकडे गेली नाही, असे सांगतात. हा लबाडीचा भाग आम्ही गौरवाने सांगत नाही. मात्र तो मुलगा ओल्या मातीवर एकदा पळाला, एवढ्यावर त्याचा निकाल लावून जाणारे आणि जमीन वाळेपर्यंत थांबणारा, यांतील फरक ध्यानात घ्यावा. स्टॉलवर्थ चौथ्या फेरीत स्टीलर्सकडे आला. त्याच वर्षी लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट आणि माइक वेबस्टर हे निवडले गेले. साउथ कॅरोलायना स्टेट या कृष्णवर्णीय महाविद्यालयातील डॉनी शेल याला कोणीच निवडले नाही, त्याला ड्राफ्टनंतर बोलावून घेण्यात आले. हे पाचही जण पुढे या खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे सन्मानमंदिरात जाऊन बसले. १९७४ ते १९७९ या सहा हंगामांत स्टीलर्सने चार वेळा अजिंक्यपद मिळविले.

मूकनायक आणि बहिष्कृत भारत यांचे महत्त्व आपण भाषणांतून सांगतो. ते बहुधा जागृतीच्या अंगाने सांगतो. 'कुरिअर'च्या या कथेत दुसरेही एक अंग आहे. ज्या समाजाजवळ स्वतःचे वृत्तपत्र आहे त्याच्याजवळ आपल्या गुणी माणसांची नोंद राहते. बाहेरच्याने ती वाचायची की नाही हे बाहेरचा ठरवील, पण 'लायक माणसे सापडतच नाहीत' ही सबब त्याला मग सांगता येत नाही.

आता पारखण्याची ही पद्धत पुढे कशी वाढली ते पाहू. एका संघाने शेकडो महाविद्यालयांत माणसे पाठविणे खर्चाचे असल्यामुळे १९६० नंतरच्या दशकात काही संघांनी मिळून सामाईक स्काउटसंस्था काढल्या. 'ब्लेस्टो' ही त्यांतील एक, आणि पुढे 'नॅशनल' म्हणून ओळखली जाणारी दुसरी. आजही स्काउटचे वर्ष साधारण असे असते : वसंत ऋतूत पुढच्या वर्षी पात्र होणाऱ्या मुलांची पहिली यादी व प्राथमिक श्रेणी, ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत मोटारीने महाविद्यालये पालथी घालणे, सकाळी चित्रफिती, दुपारी सराव, आणि मधल्या वेळात प्रशिक्षक, व्यायामशिक्षक, पट्ट्या बांधणारा, अभ्यासाचा मार्गदर्शक यांच्याशी बोलणे. चाणाक्ष स्काउट कपडे धुणाऱ्या नोकराशीही बोलतो, कारण मुलगा आपल्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या माणसाशी कसा वागतो हे तेथेच कळते. नंतर मोबिल शहरातील 'सीनिअर बोल' हा सामना व त्याआधीचा आठवडाभराचा सराव, फेब्रुवारीत 'कम्बाइन', मार्चमध्ये महाविद्यालयांतच होणाऱ्या चाचण्या, प्रत्येक संघाने आपल्या मुख्यालयी बोलावलेल्या तीस मुलांच्या भेटी, आणि अखेर बंद खोलीतील भिंतीवर नावांच्या पट्ट्या वरखाली करीत बसणे.

या इतिहासात एका भारतीयाचेही काम आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. डॅलस काउबॉइज हा संघ १९६० मध्ये निघाला. त्याचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांना वाटे की स्काउटांच्या शेऱ्यांवर विसंबण्याऐवजी संगणकाचा उपयोग करावा. आय.बी.एम.च्या एका उपकंपनीतील संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरैशी यांच्याकडे ते गेले. कुरैशी भारतात जन्मलेले. त्यांना क्रिकेट ठाऊक, या फुटबॉलची ओळख नाही. कदाचित म्हणूनच ते योग्य प्रश्न विचारू शकले. 'चपळ' म्हणजे नेमके काय? एक प्रशिक्षक ज्याला चपळ म्हणतो त्याला दुसरा का म्हणत नाही? पुष्कळ खटपटीनंतर उंची, वजन व वेग या मोजता येणाऱ्या तीन गोष्टी, आणि चारित्र्य, शरीरावरील ताबा, चुरस, बुद्धीची तरतरी व जोर या मोजण्यास अवघड अशा पाच गोष्टी, अशी मांडणी ठरली. काउबॉइज संघाचे मुख्य स्काउट गिल ब्रँट यांनी ती वापरली, आणि त्यांची माणसे इतर संघ जात नसत अशा ठिकाणी जात. सातव्या फेरीतील बॉब हेज, अकराव्या फेरीतील जेथ्रो प्यू, सातव्या फेरीतील रेफील्ड राइट ही सर्व कृष्णवर्णीय महाविद्यालयांतील मुले त्यांना मिळाली. येथे एक गोष्ट आमच्यातील संगणक-व्यावसायिक बंधूंना सांगितली पाहिजे. यंत्र मोजते ते त्यात घातलेल्या नावांचेच. ज्या महाविद्यालयात कोणी गेलेच नाही तेथील मुलाचा गुणांक यंत्र काढू शकत नाही, आणि त्याची अनुपस्थिती यंत्राला जाणवतही नाही. आज नोकरीचे अर्ज चाळणारी यंत्रणा आपल्यापैकीच कित्येक जण घडवितात. तेथेही हेच आहे.

कम्बाइन हा या सर्व सोपस्कारातला सर्वांत गाजलेला. १९८७ पासून तो इंडियानापोलिस शहरी भरतो. तीनशेहून अधिक निवडक मुले बोलाविली जातात. ४० यार्ड धावणे, उभ्याने उडी, लांब उडी, २२५ पौंडांचे वजन जितके वेळा उचलता येईल तितके वेळा उचलणे. पंजाची रुंदी, हाताची लांबी. डॉक्टरांकडून सांध्यासांध्यांची तपासणी. पूर्वी तर केवळ अर्ध्या चड्डीवर मुलांना मंचावर चालवीत आणि समोर अंधारात बसलेली मंडळी टिपणे घेत. लीगमधील निम्म्याहून अधिक खेळाडू कृष्णवर्णीय आणि मालक जवळजवळ सर्व गोरे, हे ध्यानात घेता हे दृश्य पाहून कृष्णवर्णीयांना गुलामांच्या बाजाराची आठवण व्हावी यात नवल नाही. कॉलिन कॅपर्निक यांनी २०२१ मधील आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत हीच तुलना केली, तेव्हा लक्षावधी डॉलर मिळणाऱ्यांना गुलाम कसे म्हणता, असे अनेकांनी विचारले. आम्हांस ती तुलना पुरती मान्य नाही, कारण गुलामाला ना म्हणता येत नव्हते. परंतु ज्यांच्या पणज्याचे दात बाजारात मोजले गेले त्यांना ती आठवू नये असे सांगण्याचा अधिकार इतरांना कोणी दिला?

मुलाखतींविषयीही असेच. २०१० मध्ये मायामी संघाच्या व्यवस्थापकाने डेझ ब्रायंट या खेळाडूस, तुझी आई वेश्या होती काय, असे विचारले आणि पुढे जाहीर क्षमा मागितली. आपल्याकडे मुलाखतीत आडनाव ऐकून 'मूळ गाव कोणते' आणि 'गावात घर कोणत्या बाजूला' असे विचारतात. प्रश्न निराळा, हेतू एकच : समोरच्याला त्याची जागा दाखविणे.

शरीराबरोबर बुद्धीचेही मोजमाप होई. 'वंडरलिक' नावाची परीक्षा, १२ मिनिटे, ५० प्रश्न. फुटबॉलमध्ये ती अनेक दशके चालली आणि २०२२ मध्ये कम्बाइनमधून काढून टाकण्यात आली. या परीक्षेचा एक इतिहास मात्र क्रीडारसिकांना सहसा ठाऊक नसतो. उत्तर कॅरोलायनातील ड्यूक पॉवर कंपनीच्या वीजकेंद्रात काळ्या कामगारांना फक्त झाडलोटीच्या व हमालीच्या विभागात ठेवीत. त्या विभागातील सर्वांत जास्त पगार इतर विभागांतील सर्वांत कमी पगाराहूनही कमी होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला आणि २ जुलै १९६५ रोजी त्यातील रोजगारविषयक कलमे अंमलात आली. त्याच दिवसापासून कंपनीने वरच्या विभागांसाठी नवी अट घातली : हायस्कूलचे प्रमाणपत्र तर होतेच, वर दोन परीक्षांत ठराविक गुण. त्यांतली एक परीक्षा म्हणजे ही वंडरलिक. आधीपासून वरच्या जागांवर बसलेल्या गोऱ्यांना ती अट नव्हती, आणि ती न पुरविता ते आपले काम व्यवस्थित करीत होते! विली ग्रिग्ज व त्यांचे सहकारी न्यायालयात गेले. ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, वरकरणी सर्वांना सारखी दिसणारी परीक्षाही जर एका समाजाला वगळीत असेल आणि प्रत्यक्ष कामाशी तिचा संबंध दाखविता येत नसेल, तर ती बेकायदा आहे. हेतू शुद्ध होता एवढे सांगून भागत नाही.

बंधू-भगिनींनो, यापूर्वी पस्तीस वर्षे, १९३६ मध्ये, लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या व न होऊ दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच विचार मांडला होता. माणसाची शक्ती तीन गोष्टींवर अवलंबून असते असे ते सांगतात : शारीरिक वारसा, आईवडिलांकडून व समाजाकडून मिळालेला वारसा, आणि त्याचे स्वतःचे प्रयत्न. प्रयत्नांबाबत माणसामाणसांत भेद करावा हे एक वेळ समजू शकते. परंतु पहिल्या दोहोंच्या बळावर जो पुढे आला त्यालाच निवडायचे ठरविले, तर ती लायकाची निवड होत नाही, सुस्थितीची होते. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या हॉटेलात फळ्यावर ९० नावे लिहिली गेली. योगायोगाला नसता अर्थ चिकटवू नये. तरी कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात शिकलेल्या आणि १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिणाऱ्या त्या महापुरुषाला या देशातील ही कथा समजण्यास फार वेळ लागला नसता.

यावर कोणी म्हणेल की पारखी सर्वांच्याच बाबतीत चुकतात. खरे आहे. टॉम ब्रेडी हा गोरा खेळाडू २००० मध्ये सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि पुढे सात वेळा अजिंक्य ठरला. परंतु त्याच्या बाजूला वॉरन मून यांना ठेवून पाहा. क्वार्टरबॅक ही या खेळातील नेतृत्वाची जागा. चेंडू त्याच्या हाती, डाव त्याच्या डोक्यात. काळा माणूस पळेल, अडवील, उडी मारील, पण विचार करून संघ चालविणार नाही, असा समज स्काउटांमध्ये रूढ होता. महाविद्यालयातील काळ्या क्वार्टरबॅकला दुसरी जागा घेण्यास सांगत. मून यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाला जानेवारी १९७८ मध्ये 'रोझ बोल' जिंकून दिला, आणि जागा बदलण्यास नकार दिला. त्या वर्षीच्या ड्राफ्टच्या १२ फेऱ्यांत त्यांचे नाव आले नाही. ते कॅनडात गेले, एडमंटनला ओळीने पाच वेळा विजेतेपद मिळवून दिले, नंतर येथे परतले, आणि २००६ मध्ये सन्मानमंदिरात प्रवेश मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरले. ब्रेडीचे नाव यादीत खाली होते. मून यांचे त्या जागेच्या यादीत नव्हतेच.

हे जुने झाले असे मानू नये. २०१८ मध्ये लमार जॅक्सन यांनी दुसऱ्या जागेवर खेळावे असा सल्ला सन्मानमंदिरात बसलेल्या बिल पोलियन यांच्यासारख्या अनुभवी निवडकाने जाहीरपणे दिला होता. चार क्वार्टरबॅक त्यांच्या आधी निवडले गेले. पहिल्या फेरीच्या अगदी शेवटी, ३२ वे, त्यांचे नाव आले. पुढच्याच, २०१९ च्या हंगामात ते एकमताने सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरले. वंडरलिक गेल्यावर काही संघ आकलनाची दुसरी एक चाचणी वापरू लागले; २०२३ मध्ये तीतील सी. जे. स्ट्राउड यांचे कमी गुण बाहेर फुटले आणि पुष्कळ कुजबुज झाली. ते त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरले.

महाराष्ट्राने ही गोष्ट याआधी पाहिली आहे. चर्मकार कुटुंबातील बाळू पालवणकर पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात मैदानाची राखण करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यांना फलंदाजी मात्र देत नसत. ग्रेग नावाच्या इंग्रज फलंदाजाला सराव देता देता त्यांची गोलंदाजी घडली, आणि पुण्याच्या हिंदू संघाला इंग्रजांवर मात करण्यासाठी त्यांची गरज पडली. मैदानात चेंडू त्यांच्या हातचा चाले. चहाच्या वेळी मातीचा पेला निराळा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले गेले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. राबणारा हात तुमचा, डोके आमचे, ही वाटणी क्वार्टरबॅकच्या जागेवर आणि कर्णधाराच्या जागेवर सारखीच. बाळू पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले व पराभूत झाले. तेही सांगून टाकतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत कोणीतरी विचारणारच! त्याने त्यांच्या गोलंदाजीचे मोल कमी होत नाही.

एक शेवटची बाब, जी आम्हांस सर्वांत अस्वस्थ करते. मेंदूच्या दुखापतींबद्दल निवृत्त खेळाडूंना भरपाई देण्याचा समझोता लीगने केला, तेव्हा स्मृती व बुद्धी किती ढासळली हे चाचण्यांनी ठरवायचे होते. त्यात एक पद्धत वापरली गेली : कृष्णवर्णीयांची मूळची आकलनशक्तीच कमी होती असे गृहीत धरून त्यांचे गुण तोलायचे. परिणामी तितकाच ढासळलेला काळा खेळाडू भरपाईस अपात्र ठरू शके. केव्हिन हेन्री आणि नजेह डॅव्हनपोर्ट या दोन माजी खेळाडूंनी २०२० मध्ये याविरुद्ध दावा लावला, आणि जून २०२१ मध्ये लीगने ही पद्धत सोडण्याचे मान्य केले. म्हणजे घेताना सर्वांना एकच फूटपट्टी, ती सांगते की आम्ही रंग पाहत नाही. आणि देण्याची वेळ आली की फूटपट्टी रंग पाहून बदलते.

बिल नन २०१४ मध्ये वारले. सन्मानमंदिरात त्यांचा प्रवेश २०२१ मध्ये झाला. त्याच २०२१ च्या ड्राफ्टमध्ये सर्व सात फेऱ्या होऊन गेल्या, आणि ज्या महाविद्यालयांसाठी नन यांनी आयुष्यभर रस्ते तुडविले त्यांतील एकाही खेळाडूचे नाव पुकारले गेले नाही. गोऱ्या विद्यापीठांची दारे उघडल्यामुळे उत्तम मुले आता तिकडेच जातात, हे त्याचे मोठे कारण आहे, आणि त्याबद्दल निव्वळ खेद करता येत नाही. पण जी मुले अजूनही तेथे राहतात त्यांच्याकडे स्काउटची मोटार वळत नाही, हेही कारण आहे. २०२२ पासून लीगने त्या महाविद्यालयांसाठी वेगळा कम्बाइन सुरू केला. त्या वर्षी तेथील चौघे निवडले गेले.

ड्राफ्टला आता थोडेच दिवस उरले आहेत. या वर्षी कोणत्या महाविद्यालयांतून कोणास घेतात हे मुलांसमवेत बसून पाहावे, आणि वरील नावे त्यांना सांगावीत. अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे. उरलेली मिनिटे प्रश्नांसाठी ठेवून आम्ही येथे थांबतो. जयभीम.